वाचक विचारतात : चेंडू न झेलणारे पाच जण

गेल्या अंकात अमेरिकन फुटबॉलची तोंडओळख दिली होती. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरहून थोडं जास्त, पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. त्यानंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच जातीच्या खेळाडूबद्दल होते : रेषेवर वाकून बसणारा आडदांड ऑफेन्सिव्ह लाइनमन. म्हणून यावेळचं सदर त्यालाच दिलं आहे.

पुतण्याने मोबाइलवर सामना दाखवला. ते पाच जण नुसती ढकलाढकली करतात, गुण एकही मिळवत नाहीत. आमच्याकडे एकाने विचारलंच, 'मगे तेंका इतके पैसे कित्याक?'
– वाचक, मालवण

आक्रमण करणाऱ्या अकरा जणांत मधोमध हे पाच असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. तिथून पुढे पाचांचं काम एकच : समोरच्याला आपल्या क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापर्यंत, पोचू द्यायचं नाही, किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करायची. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांना मुभा नसते. ५० ते ७९ मधले क्रमांक त्यासाठीच, पंचाला लांबून ओळखता यावेत म्हणून. (पंचाला आधी सांगून लाइनमन झेलणारा होऊ शकतो. वर्षातून एखाद्या वेळी तसा डाव रचतात आणि स्टेडियम डोक्यावर घेतात.)

पैसे कशाचे, तर अडीच ते तीन सेकंदांचे. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला साधारण तेवढा वेळ लागतो. तो वेळ मिळाला नाही तर बाकी सहा जण कितीही गुणी असोत, उपयोग शून्य. त्यातही डावखुरा नसलेला क्वार्टरबॅक फेकताना डावा खांदा पुढे करतो, त्यामुळे डाव्या अंगाने मागून येणारा त्याला दिसत नाही. ती बाजू सांभाळणारा डावा टॅकल म्हणून पूर्वीपासून महागडा. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमधल्या टॅम्पा बे संघाच्या ट्रिस्टन वर्फ्सने २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी १४ कोटी डॉलरचा करार केला, तो याच जागेसाठी. हल्ली बचाव करणारे संघ आपला सर्वांत वेगवान गडी उजवीकडूनही सोडतात, त्यामुळे उजव्या टॅकलचा भावही वधारला आहे. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या पेनेई सुएलला चार वर्षांचे ११ कोटी २० लाख डॉलर मिळाले, तेव्हा तो उजवीकडे खेळायचा.

मी कबड्डी शिकवतो. एक मुलगा १७ वर्षांचा, ६ फूट १ इंच, ९२ किलो, डावा कोपरारक्षक. पकड उत्तम. लाइनमनच्या कामाला त्याचं काय उपयोगी पडेल आणि इथल्या इथे कोणता सराव करता येईल?
– वाचक, रत्नागिरी

बरंच उपयोगी पडेल, आणि नेमकी पकड आड येईल.

आधी जमेची बाजू. कोपरारक्षक खाली बसून, तोल दोन पायांत ठेवून, चढाई करणाऱ्याच्या कमरेकडे बघतो. हात-डोकं हुलकावणी देतात, कंबर सहसा देत नाही. लाइनमनही समोरच्याच्या छातीच्या खालच्या भागावर नजर ठेवतो, कारण तेच. बाजूला सरकताना पाय न गुंतणं, शेजाऱ्याशी न बोलता जुळवून घेणं, हेही तुमच्या मुलाला आयतं येत असेल. साखळीत हात धरलेले असतात, इथे नसतात, पण समोरचे दोघे एकमेकांना ओलांडून आडवे घुसले की 'तुझा मला, माझा तुला' ही अदलाबदल अर्ध्या सेकंदात करावी लागते.

आता अडचण. कबड्डीत धरलं की काम झालं, इथे धरलं की दंड. समोरच्याच्या छातीच्या चौकटीत तळहात ठेवून ढकलणं, आवळणं चालतं. तो बाजूला निघाल्यावरही जर्सी मुठीत राहिली, किंवा हात त्याच्या खांद्याबाहेरून गेला, की पंचाचा पिवळा रुमाल पडतो आणि संघ दहा यार्ड मागे जातो. घोटा धरणं, पायात झेप घेणं हा तर कोपऱ्याचा हुकमी डाव, तो विसरायचा. दुसरा फरक दिशेचा. कोपरारक्षक पुढे झेपावतो. पासच्या, म्हणजे चेंडू पुढे फेकण्याच्या, डावात टॅकल मागे सरकत लढतो. समोरच्याला तो थांबवत नाही, लांबच्या वाटेने फिरवतो.

ही मागे सरकण्याची चाल म्हणजे किक-स्लाइड. डाव्या टॅकलची सांगतो. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, आतला म्हणजे उजवा पाय थोडा पुढे, डाव्याचा अंगठा उजव्याच्या मधल्या कमानीच्या रेषेत. गुडघे वाकलेले, पाठ सपाट, छाती वर. स्नॅप झाला की उजव्या पायाने जमीन रेटायची, डावा पाय मागे आणि किंचित बाहेर टाकायचा, मग उजवा तेवढाच ओढून घ्यायचा. दोन पायांतलं अंतर कधीही कमी होऊ द्यायचं नाही. पाय जवळ आले त्या क्षणी समोरच्याने एक धक्का दिला की दीडशे किलोचा माणूसही बसतो.

सराव ओहोटीच्या ओल्या वाळूवर करा. भाट्याच्या किनाऱ्यासारखी घट्ट वाळू यासाठी उत्तम. पाणी ओसरून दहा-पंधरा मिनिटं झालेली जागा घ्या, टाचेने सरळ रेघ मारा, अनवाणी उभं करा आणि आठ किक-स्लाइड मारायला सांगा. मग मुलाला नव्हे, वाळू बघा. पावलांच्या जोड्यांतलं अंतर आठही वेळा सारखं हवं. तिसऱ्या-चौथ्या जोडीपासून ठसे जवळ येत असतील तर तो डावा पाय टाकतो आहे, पण उजव्याने रेटत नाही. टाचा खोल गेल्या असतील तर वजन मागे पडलं आहे, पुढून रेटा आला की उताणा पडेल. फक्त चवडे रुतले असतील तर तो पुढे झुकला आहे, बाजूला काढणारा गडी त्याला सहज चकवेल. पावलाची आतली कड जरा खोल, बाकी ठसा सपाट, असं दिसलं तर पाय बरोबर आहे. रेघेपासून ठसे किती वेगाने बाहेर जातात तेही बघा. फार बाहेर पळणाऱ्याची आतली बाजू उघडी पडते आणि तिथून घुसलेल्याला गाठायला दुसरं पाऊल मिळत नाही.

मऊ कोरड्या वाळूत हा सराव नको. घोटा मुरगळतो आणि ठसाही दिसत नाही.

पाय बसल्याशिवाय हात शिकवू नका. महिनाभर आरशाचा खेळ घ्या : पाच पावलांवर दोन नारळ ठेवा, मध्ये दोघे समोरासमोर, लाइनमनचे हात पाठीमागे. दुसरा दोन नारळांमध्ये हवा तसा सरकेल, याने छाती त्याच्या छातीसमोर ठेवायची. सहा सेकंद, मग विश्रांती, असे सहा-आठ फेरे. सहा सेकंदांपेक्षा जास्त नको, खऱ्या सामन्यात प्रयत्न तेवढाच चालतो आणि दमलेले पाय चुकीची सवय लावतात.

मग हात. कोपरं बरगड्यांना लागून, अंगठे वर, तळहाताची टाच समोरच्याच्या छातीवर. मारा छोटा हवा, वीतभर अंतराचा. लांबून हात फेकला की कंबर वाकते, डोकं पुढे जातं आणि समोरचा त्या हातावर टप्पू मारून निघून जातो. नवशिक्यांची ही सर्वांत मोठी चूक. गोणपाटात सोडणं (नारळाची सालं) गच्च भरून ते साथीदाराला छातीशी धरायला द्या आणि त्यावर मारा. माडाच्या खोडावर नको, मनगट जाईल.

शेवटचं, रेटा झेलणं. समोरचा सरळ अंगावर आला तर दोन-तीन पावलं मागे जावंच लागतं. ती छोट्या उड्यांनी जायची, प्रत्येक उडीला कंबर आणखी खाली आणायची आणि हात त्याच्या हातांच्या खालून आत घालून वर उचलायचं. तुमच्याकडच्या मुलांना रापणीचा दोर ओढायची सवय असेल तर सावध करा. रापण ओढताना माणूस टाचा रोवून मागे रेलतो. इथे मागे रेललं की संपलं. टाचा जमिनीवर, पण नाक बोटांच्या पुढे.

हेल्मेट आणि खांद्याचे पॅड नसताना दोघांची खरी टक्कर लावू नका. डोकं खाली घालून कुणालाही भिडू देऊ नका, मान मोडण्याचा रस्ता तो आहे.

उंचीबद्दल : ६ फूट १ इंच म्हणजे त्या लीगच्या टॅकलसाठी बुटका. तिथे ६ फूट ४ इंचांपासून वर बघतात आणि खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात ३३-३४ इंच भरावा अशी अपेक्षा असते. लांब हाताचा माणूस आधी स्पर्श करतो आणि आधी स्पर्श करणारा बहुतेक वेळा जिंकतो. तुमचा मुलगा सेंटर किंवा गार्डच्या अंगाचा. तिथे कमी उंची अडत नाही, खालून घुसायला बरीच पडते.

सामन्यात सारखे पिवळे रुमाल पडतात. लाइनमनचे दंड थोडक्यात सांगाल?
– वाचक, श्रीवर्धन

स्नॅपच्या आधी हलला तर पाच यार्ड. धरलं तर दहा. आपल्या एका साथीदाराने वर भिडवलेल्या गड्याच्या मांडीत किंवा खाली दुसऱ्याने घुसणं, याला पंधरा यार्ड, कारण त्यात गुडघा तुटतो. पास पुढे फेकला जाण्याआधी लाइनमन रेषेच्या एक यार्डापेक्षा जास्त पुढे गेला तर पुन्हा पाच. कॉलेजच्या खेळात ही सूट तीन यार्डांची आहे. यातला पहिला दंड सर्वांत लाजिरवाणा, कारण त्यात समोरच्याचा काहीच पराक्रम नसतो.

माझा नातू न्यू जर्सीत दहावीत आहे, शाळेच्या संघात लाइनमन. वजन ११० किलो. कोच म्हणतात अजून वाढव. तो दिवसातून सहा वेळा जेवतो म्हणे. हे बरं आहे का?
– एक आजी, गुहागर

आजी, वजन लागतं हे खरं. त्या लीगमधले जवळजवळ सगळे लाइनमन १३६ किलोंच्या, म्हणजे ३०० पौंडांच्या वर आहेत. ते टिकवायला दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी खातात, आपल्या साध्या माणसाच्या दुपटीहून जास्त. क्लीव्हलंडचा जो थॉमस खेळत असताना जेवणावर पिझ्झा आणि आइस्क्रीम चढवायचा, भुकेसाठी नव्हे, काट्यावरचा आकडा खाली येऊ नये म्हणून. निवृत्त झाल्यावर त्याने वीसेक किलो उतरवले.

पण सोळाव्या वर्षी कोचने 'वाढव' म्हटलं तर विचारायला हवं, काय वाढवू? मांड्या, पाठ आणि नितंबांची ताकद वाढली की वजन आपोआप येतं, आणि ते उपयोगी असतं. पोटावर आलेले दहा किलो गुडघे वाहतात. सहा जेवणं चालतील, त्यातल्या चारांत मासे, अंडी, डाळ, कोंबडी असं काही घट्ट हवं. नुसत्या भाताने आणि बर्गरने आकडा वाढतो, रेटा वाढत नाही. दोन गोष्टी घरच्यांना बघायला सांगा. रात्री मोठ्याने घोरतो का, मध्येच श्वास अडकल्यासारखा थांबतो का? जाड मानेच्या खेळाडूंत हे फार आढळतं, झोप पुरत नाही आणि रक्तदाब चढतो. आणि वर्षातून दोनदा रक्तदाब मोजून घेतात का?

खरी भीती आम्हाला जेवणाची नाही, ऑगस्टची वाटते. तिकडे मोसमाआधीचा सराव भर उन्हाळ्यात, हेल्मेट-पॅड घालून होतो. मिनेसोटाचा टॅकल कोरी स्ट्रिंगर २००१ च्या ऑगस्टमध्ये असाच सरावात उष्माघाताने गेला, वय २७. मोठं अंग तापतं लवकर आणि निवतं उशिरा. म्हणून सरावाआधी आणि नंतर वजन करायचं, कोरड्या चड्डीवर, त्याच काट्यावर. जेवढे किलो कमी भरतील त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत, घोट घोट, मिठासह. आपली उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज याला तोडीस तोड आहे, नातवाला करून प्यायला शिकवाच. दुसऱ्या सकाळीही दोन किलोंच्या वर तूट असेल तर त्या दिवशी उन्हात उतरायचं नाही. सरावात कुणी बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर पॅड काढून मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात. आधी थंड करायचं, मग दवाखान्यात हलवायचं. हा क्रम उलटा झाला की माणूस हातचा जातो.

यांना पगार कसा मिळतो? कोटींचे आकडे वाचतो ते खरे का?
– वाचक, अलिबाग

आकडे खरे, पण त्यातले हाती किती पडतील ते वेगळं. करार पाच वर्षांचा छापून येतो. त्यातली ठरावीक रक्कमच हमीची असते. बाकी संघात राहिलात तर. संघाने मधेच काढलं तर पुढची वर्षं कागदावर राहतात. म्हणून जाणकार एकूण रक्कम बघतच नाहीत, हमी किती ते बघतात.

तळाचा हिशेब असा. २०२५ मध्ये नवख्याचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता, सात कोटी रुपयांच्या घरात. तो मोसमाच्या १८ आठवड्यांवर आठवड्याला एक हप्ता असा मोजला जातो, आणि त्या आठवड्यात तुम्ही ५३ जणांच्या संघात असलात तरच. तिसऱ्या आठवड्यात काढलं तर तिथे हप्ते थांबतात. ५३ मध्ये जागा नाही मिळाली तर सरावाच्या ताफ्यात घेतात, तिथे त्या वर्षी किमान १३ हजार डॉलर आठवड्याला. त्यातून सरकारचा कर, वरच्या पट्टीत ३७ टक्के, शिवाय ज्या ज्या राज्यात सामना झाला तिथला वेगळा. एजंट जास्तीत जास्त तीन टक्के घेतो.

लाइनमनसाठी एक बरी तरतूद आहे. सामन्याच्या दिवशी एरवी ४७ जणांना मैदानात उतरवता येतं, पण त्यांत आठ लाइनमन असतील तर ४८ जणांना. त्यामुळे आठव्या लाइनमनला दर रविवारी काम मिळायची शक्यता वाढली. हा नियम लीग आणि खेळाडू संघटना यांच्या २०२० च्या करारात आला. निवृत्तिवेतनासाठी मात्र किमान तीन मोसम मोजले जावे लागतात, आणि खेळाडू संघटनाच सांगते की सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांचीच. तिसऱ्या वर्षी गुडघा दुखत असूनही माणूस का खेळतो, याचं उत्तर इथे आहे.

इथून कुणी तिथपर्यंत जाऊ शकतो का?
– वाचक, देवगड

सरळ उत्तर : दार बंद नाही, पण फट फार अरुंद आहे.

नेहमीची वाट अशी. अमेरिकेतली हायस्कूल, मग कॉलेजची शिष्यवृत्ती, तिथे पहिलं वर्ष बहुतेक लाइनमन बाकावर बसून वजनं उचलतात, कारण अठरा वर्षांच्या पोराला बावीस वर्षांच्या बाप्याला हलवता येत नाही. हायस्कूल सोडून तीन वर्षं झाली की ड्राफ्टला, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, उभं राहता येतं. सात फेऱ्या, ३२ संघ, सगळे मिळून अडीचशेच्या आसपास जागा. आधी इंडियानापोलिसला मोजमाप आणि चाचण्या : १०२ किलोंची पट्टी छातीवरून किती वेळा उचलता, चाळीस यार्ड किती सेकंदांत पळता. १३९ किलोंच्या टेरॉन आर्मस्टेडने २०१३ मध्ये हे अंतर ४.७१ सेकंदांत कापलं होतं. आमच्या मते लाइनमनला चाळीस यार्डांचं फारसं काम नसतं, पहिल्या दहा यार्डांची वेळ बघावी. उशिरा निवडले गेलेलेही टिकतात. जेसन केल्सी २०११ मध्ये १९१ वा निवडला गेला आणि एकाच संघात १३ मोसम सेंटर खेळला.

परक्यांसाठी २०१७ पासून वेगळी योजना आहे, इतर देशांतल्या, इतर खेळांतल्या धडधाकट पोरांना शिकवण्याची. तिचं सर्वांत मोठं फळ जॉर्डन मायलाटा. सिडनीचा, आईबाप सामोआचे, रग्बी लीग खेळणारा, ६ फूट ८ इंच. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता २०१८ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला २३३ वा निवडला. पहिले दोन मोसम एकही सामना नाही, पाठही दुखावलेली. त्या काळात फक्त पाय आणि हात. २०२० मध्ये डाव्या टॅकलच्या जागी उतरला, २०२१ मध्ये चार वर्षांचा ६ कोटी ४० लाख डॉलरचा करार, फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. हे उदाहरण वाचून हुरळून जाऊ नये, पण त्यातला क्रम लक्षात घ्यावा : दोन वर्षं शिकणं, मग खेळणं. भारतीय वंशाचं नाव हवं असेल तर फिजीत जन्मलेला बॉबी सिंग, कॅनडाच्या लीगमध्ये बरीच वर्षं गार्ड होता.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे म्हणून काही वाचकांनी विचारलं. तो पाच-पाच जणांचा, कमरेची पट्टी ओढायचा खेळ. त्यात अडवणं मनाईच आहे, त्यामुळे लाइनमन नावाचा प्राणीच नाही. चपळ मुलामुलींनी जरूर खेळावा, आडदांडांनी रग्बीच्या पहिल्या फळीत उभं राहून बघावं. ६ फूट ६ इंच आणि १३० किलो अंगातच असल्याशिवाय केवळ या लीगच्या आशेने कबड्डी सोडू नये.

खेळ संपल्यावर शरीराचं काय होतं?
– वाचक, हर्णै

गुडघा आणि घोटा सर्वांत आधी. यातली पुष्कळशी दुखापत समोरच्याशी भिडून होत नाही. लाइनमन उभा लढत असतो आणि मागून कुणीतरी त्याच्या पोटरीवर कोसळतं. पाय रोवलेला असतो, सुटका नसते. म्हणून बरेच जण गुडघ्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्यांचा आधार लावून खेळतात. बोटं जर्सीत अडकून निखळतात, ती शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून पुढचा डाव. जो थॉमसने २००७ पासून सलग १०,३६३ डाव एकही न चुकवता खेळले. २०१७ मध्ये दंडाचा मागचा स्नायू फाटला तेव्हा तो थांबला. (ड्राफ्टच्या दिवशी सगळे न्यूयॉर्कला सूट घालून बसले होते, हा बापाबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडत होता. हर्णैच्या वाचकांना हे सांगायलाच हवं.)

डोक्याचं दुखणं उशिरा कळतं. पिट्सबर्गचा सेंटर माइक वेबस्टर २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत डॉ. बेनेट ओमालू यांना वारंवार आघातांनी होणारा मेंदूचा ऱ्हास आढळला, आणि या खेळाकडे बघण्याची नजर बदलली. लाइनमनला एक मोठा तडाखा क्वचित बसतो, छोटे मात्र प्रत्येक डावात, सामन्यात साठ-सत्तर वेळा. २०२२ पासून मोसमाआधीच्या सरावात लाइनमनला हेल्मेटवर मऊ टोपडं सक्तीचं केलं, ते त्यासाठी.

वजन उतरवणं हे निवृत्तीनंतरचं पहिलं काम. पिट्सबर्गचाच गार्ड अ‍ॅलन फनेका पंचेचाळीसेक किलो उतरवून २०१४ मध्ये पूर्ण मॅरेथॉन चार तासांच्या आत धावला. ज्यांचं जेवण लाइनमनचं राहतं आणि सराव थांबतो, त्यांचा साखर-रक्तदाबाचा रस्ता ठरलेला. डोकं चालवणारेही यात कमी नाहीत. कॅन्सस सिटीचा गार्ड लॉरां दुवर्ने-तार्दिफ डॉक्टर आहे, करोनाच्या २०२० मध्ये मोसम सोडून तो वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात कामाला गेला. बाल्टिमोरचा जॉन अर्शल २०१७ मध्ये खेळ सोडून एमआयटीत गणितात रमला.

सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला लागतो. बंदरावर जायच्या आधी अर्धा तास मिळतो. लाइनमनचं काय बघू?
– वाचक, वेंगुर्ले

स्नॅपच्या आधी बोटं बघा. लाइनमन तीन टेकूंवर, म्हणजे एक हात जमिनीला टेकून बसला असेल, तर त्या हातावर किती भार आहे ते पेरांवरून कळतं. बोटांची पेरं पांढरी पडली असतील तर अंग पुढे कललं आहे, तो पुढे घुसणार, चेंडू बहुधा पळवला जाईल. हात नुसता टेकवलेला आणि टाचा जमिनीला लागलेल्या असतील तर तो मागे सरकायच्या बेतात आहे, पास येईल. बचाववाले हेच वाचतात. म्हणून शहाणा लाइनमन प्रत्येक डावाला सारखाच बसतो. जवळून दाखवलेलं दृश्य मिळालं तर थकलेल्या चौथ्या सत्रात बघा, तेव्हा सवयी सुटतात.

दुसरं, सेंटर बोट दाखवून ओरडतो ते कशासाठी. समोरच्या मधल्या लाइनबॅकरला (बचावाच्या पहिल्या फळीमागे उभ्या गड्याला) तो नाव देतो, आणि तिथून डावी-उजवीकडे कुणी कुणाला घ्यायचं ते मोजलं जातं. मोजणी एकाने चुकली तर एक गडी मोकळा सुटतो आणि टीव्हीवर टॅकलला शिव्या बसतात, चूक सेंटरची असली तरी.

गोंगाट फार असेल तर गार्ड मागे मान वळवून क्वार्टरबॅककडे बघत असतो. खूण मिळाली की तो सेंटरला हाताने टोचतो, सेंटर मान वर करतो, मनात एक आकडा मोजतो आणि चेंडू सोडतो. पाचही जण त्याच आकड्यावर उठतात. डाव्या टॅकलचा पाय अर्धा क्षण उशिरा उठला तर पुढे काय होतं ते बघायला रिप्ले लागत नाही.